खेळ नवा, संगणक जुना : चालेल की अडेल?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शेजारचा मुलगा रविवारी सकाळी आमच्याकडे आला. दहावीचा निकाल चांगला लागलेला, आत्या-मामांकडून बक्षिसाचे पैसे मिळालेले. त्याला 'सिव्हिलायझेशन' या खेळाचा सातवा भाग घ्यायचा होता. सहावा भाग तो घरच्या सहा वर्षांच्या संगणकावर खेळतोच. पण त्यात अडचण अशी, की खेळ रंगात आला की अडखळू लागतो. "आपली फेरी संपवली की कॉम्प्युटर बराच वेळ विचारच करत बसतो, काका," असे त्याचे म्हणणे. दुकानदाराने संगणक न पाहताच निदान केले होते : ग्राफिक्स कार्ड बदला. कार्डाची किंमत बक्षिसाच्या रकमेपेक्षा बरीच जास्त होती. उरलेले पैसे घालायला वडील तयार होते, पण त्यापायी त्यांची स्वतःची एक खरेदी पुढे ढकलली जाणार होती. म्हणून त्यांनीच मुलाला आमच्याकडे पाठवले होते.

आमचा विषय संगणकाचा नव्हे. परंतु एखादे उपकरण नीट का चालत नाही, हे मोजून ठरवण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. तेव्हा आम्ही त्याला म्हटले, आधी मोजू, मग बोलू.

खेळाची थोडी ओळख करून देणे भाग आहे. या मालिकेतला पहिला खेळ १९९१ साली निघाला. सहावा भाग २०१६ च्या ऑक्टोबरात आला आणि सातवा २०२५ च्या फेब्रुवारीत. एका संस्कृतीचे नेतृत्व आपण करायचे, इतर संस्कृती संगणक चालवतो. बुद्धिबळाप्रमाणे आधी आपण खेळायचे, मग बाकीच्यांनी. पट षट्कोनी घरांचा असतो. सहाव्या भागातला सर्वांत लहान पट ४४ गुणिले २६, म्हणजे १,१४४ घरांचा आहे. मध्यम पट ८४ गुणिले ५४, म्हणजे ४,५३६ घरांचा. आणि सर्वांत मोठा १०६ गुणिले ६६, म्हणजे ६,९९६ घरांचा.

(या खेळाबद्दलची एक आख्यायिका आपल्या कानावर आली असेल. पहिल्या भागातले गांधीजी एका चुकीमुळे अणुबाँब टाकत सुटत, कारण आक्रमकतेचा आकडा १ मधून २ वजा झाल्यावर ऋण होण्याऐवजी २५५ व्हायचा. द्विमान अंकगणित शिकवताना हे उदाहरण फार सोयीचे पडते. मात्र खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींत लिहिले, की अशी चूक त्या खेळात नव्हतीच. इतकी वर्षे लोक ती सांगत होते, आणि आम्हीही सांगत होतो.)

आता मुख्य मुद्दा. असा खेळ चालताना संगणक दोन अगदी वेगळ्या जातींची कामे करतो. एक चित्र काढण्याचे आणि दुसरे विचार करण्याचे.

चित्राचे काम मोठ्या रांगोळीसारखे आहे. शाळेच्या अंगणात भली मोठी रांगोळी काढायची असेल तर आखणी करून एकेक चौकोन एकेका मुलीला वाटून देता येतो. मुली दुप्पट असल्या तर काम साधारण निम्म्या वेळात होते, कारण एकीचे दुसरीवाचून अडत नाही. पडद्यावरच्या चित्रबिंदूंचे, म्हणजे पिक्सेलचे, तसेच आहे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० चित्रबिंदू असतात, आणि ग्राफिक्स कार्डात ते रंगवणारे शेकडो-हजारो छोटे कामगार असतात.

विचाराचे काम मुख्यतः प्रोसेसरकडे असते, आणि ते स्वयंपाकासारखे आहे. भाज्या चिरायला चार माणसे बसवता येतील, पण फोडणी, मग भाजी, मग पाणी हा क्रम कोणाला मोडता येत नाही. खेळातही एका संस्कृतीने शहर जिंकले की दुसरीचा बेत बदलतो. म्हणजे पहिलीची चाल ठरेपर्यंत दुसरीला थांबावे लागते. याचे गणित जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडले. समजा, एका फेरीच्या कामापैकी ४० टक्के काम असे क्रमानेच करावे लागणारे आहे आणि ६० टक्के वाटून घेता येते. प्रोसेसरमध्ये एकाऐवजी आठ गाभे असले, तर वेळ लागेल ०.४ अधिक ०.६ भागिले ८, म्हणजे मूळ वेळेच्या ०.४७५ पट. आठ गाभ्यांचे पैसे मोजून वेग जेमतेम २.१ पट! गाभे अगणित केले तरी तो अडीच पटीपलीकडे जाणार नाही. हे गणित दहावीच्या वर्गात सहज करून घेता येते. आमचा अनुभव असा, की 'अगणित गाभे' हा प्रश्न विचारल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प होतो आणि मग एकदम बोलू लागतो.

शिवाय हा विचाराचा भार खेळ पुढे जाईल तसा वाढत जातो. सुरुवातीला प्रत्येकाकडे एखादे शहर आणि दोन-चार पथके असतात. दोनशे फेऱ्यांनंतर डझनावारी. प्रत्येक पथकाला वाट शोधायची असते. (वाट शोधण्याची 'ए-स्टार' नावाची पद्धत १९६८ साली यंत्रमानवाला खोलीतून चालवण्यासाठी निघाली. पुढे ती आणि तिच्या भावकीतल्या पद्धती संगणकीय खेळांत सर्रास वापरल्या गेल्या.) त्यातच प्रत्येक संस्कृतीचे प्रत्येकीशी संबंध असतात. ८ संस्कृतींच्या जोड्या २८ होतात, १२ संस्कृतींच्या ६६. मध्यम पटावरून मोठ्या पटावर जाताना घरे दीडपटच वाढतात, जोड्या मात्र २.३६ पट.

मग मोजायचे काय? बहुतेक मंडळी एकच आकडा सांगतात : सेकंदाला किती फ्रेम. फ्रेम म्हणजे सिनेमाच्या फितीवर असते तसे एक चित्र. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चालणार असतील तर ३३.३. सातव्या भागाच्या निर्मात्यांनी लागणाऱ्या यंत्रसामग्रीची यादी दिली आहे. तिच्यातील किमान सामग्री १०८० च्या पडद्यावर चित्राचा दर्जा कमी ठेवून ३० फ्रेमसाठी आहे, तर शिफारस केलेली सामग्री मध्यम दर्जाच्या ६० फ्रेमसाठी. ही माहिती उपयोगी आहेच. परंतु संगणकाची फेरी किती सेकंदांत संपेल, याविषयी यादीत अवाक्षर नाही. मुलाची तक्रार तर नेमकी त्याबद्दल होती.

सरासरीचीही एक गंमत आहे. समजा, दहा सेकंदांपैकी नऊ सेकंद खेळ ६० फ्रेमने धावला आणि शेवटचा सेकंद १० फ्रेमने रखडला. एकूण ५५० फ्रेम, सरासरी ५५. ऐकायला उत्तम! पण खेळणाऱ्याला आठवतो तो रखडलेला सेकंदच. म्हणून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजून, ते वेळ चढत्या क्रमाने मांडून, शंभरातील नव्याण्णव फ्रेम किती वेळाच्या आत झाल्या हे पाहतात. आपल्या उदाहरणात तो आकडा १०० मिलिसेकंद येतो आणि रखडणे लगेच उघडे पडते. एसटीचे नेहमीचे गणित इथे आठवेल : अर्धे अंतर ताशी ६० किलोमीटरने आणि अर्धे २० ने कापले, तर सरासरी ४० नव्हे, ३० येते. वेगांची सरासरी काढताना चूक होते, वेळेची काढताना होत नाही.

सुदैवाने सहाव्या भागातच मोजणीची सोय आहे. एका चाचणीत ठराविक दृश्य पडद्यावर चालवून फ्रेमचा सरासरी वेळ आणि तो नव्याण्णवावा आकडा मिळतो. दुसऱ्या चाचणीत साठवून ठेवलेला एक डाव पुढे चालवून संगणकाला एका फेरीस सरासरी किती सेकंद लागतात ते कळते. दुसरी चाचणी त्या मुलाने कधी उघडलीच नव्हती.

आम्ही त्याच्या घरी गेलो. बाकीचे सर्व कार्यक्रम बंद केले, वही घेतली आणि दोन्ही चाचण्या चार-चार वेळा केल्या. पहिली नोंद सोडून दिली, कारण पहिल्या वेळी माहिती डिस्कवरून यावी लागते, नंतर ती मेमरीत तयार असते. उरलेल्या तीन नोंदी एकसारख्या नव्हत्या. मुलगा म्हणाला, "मशीनमध्ये गडबड आहे." आम्ही म्हटले, ही गडबड नव्हे, ही आपली फूटपट्टी आहे. काहीच न बदलता आकडा जेवढा हलतो, त्याहून जास्त हलला तरच बदलाचा परिणाम झाला म्हणायचे. ही एक गोष्ट समजावायला आम्हाला सकाळचा बराच वेळ लागला, आणि तो आम्ही आनंदाने दिला.

मग एकच गोष्ट बदलली. पडद्याचे चित्र १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणले. चित्रबिंदू नऊ लाख एकवीस हजार सहाशे, म्हणजे आधीच्या चार-नवमांश. ग्राफिक्स कार्डाचे ओझे निम्म्याहून कमी झाले. प्रोसेसरचे जवळजवळ तेवढेच राहिले. फ्रेमचा वेळ झपकन उतरला. म्हणजे चित्राच्या बाबतीत कार्ड तोकडे पडत होते, हे खरेच. पण फेरीचा वेळ? तो आधीच्याच पट्टीत राहिला.

"मग दुकानदार चुकला?" मुलाने विचारले. पूर्ण चुकला असे आम्ही म्हणणार नाही. नव्या कार्डाने नकाशा सरकवताना चित्र नक्कीच गुळगुळीत दिसले असते. मात्र तक्रार होती फेरीची, आणि फेरी तितकीच रेंगाळली असती. सर्दीच्या रोग्याला चश्मा दिला तर त्याला स्पष्ट दिसेल, शिंका थांबणार नाहीत.

दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा चाचणी केली, तेव्हा एक नवी गोष्ट दिसली. फेरीचा वेळ सकाळपेक्षा वाढला होता, आणि लागोपाठच्या नोंदींत तो चढतच होता. हा फरक फूटपट्टीत बसत नव्हता. बदलले होते फक्त खोलीचे तापमान. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज साधारणपणे वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि तिची सगळी उष्णताच होते. चिपचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वारंवारता उतरवतो. वीज बंद करून, प्लग काढून पेटी उघडली, तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी! रंगाच्या मऊ ब्रशने ती काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा चढण नाहीशी झालेली होती. सकाळी जे आकडे मिळायचे तेच भर दुपारी मिळू लागले. आपल्या शाळेच्या संगणक-खोलीत एप्रिलमध्ये यंत्रे मंद झाल्याची तक्रार असेल, तर नवी यंत्रे मागवण्याआधी पेट्या उघडून पाहाव्यात असे आमचे मत आहे. विदर्भातल्या शाळांनी तर नक्कीच.

धूळ काढल्याने फेरी सकाळइतकी वेगवान झाली, त्याहून अधिक नाही. मूळचा रेंगाळा शिल्लक होताच. तो कमी करायचा तर पट लहान आणि संस्कृती कमी, नाहीतर नवा प्रोसेसर. आणि त्याच्यासाठी बहुधा मदरबोर्डही.

राहिला प्रश्न सातव्या भागाचा. सहाव्यावरून सातव्याचे अनुमान थोडेफार करता येते, पण खेळ वेगळा, तेव्हा मोजणीही वेगळीच हवी. स्टीम या विक्रीकेंद्रावर खेळ घेतला, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असताना पैसे परत मागता येतात. इथेच डावपेचांच्या खेळाची खोच आहे. धावाधावीच्या खेळात पहिल्या दहा मिनिटांत सारे कळते. इथे पहिले दोन तास सगळे सुरळीत चालते, कारण तोवर नकाशावर फारसे कोणी नसतेच. अडखळणे सुरू होते तेव्हा मुदत टळलेली असते. त्यावर उपाय असा, की सातव्या भागात प्राचीन, शोधांचे आणि आधुनिक असे तीन कालखंड आहेत आणि डाव थेट आधुनिक कालखंडापासून सुरू करता येतो. मोठ्यात मोठा पट, जास्तीत जास्त प्रतिस्पर्धी घेऊन तसा डाव मांडावा आणि घड्याळ लावून बसावे. मुरलेल्या डावाइतका भार त्यात येत नाही, पण पहिल्या फेरीपेक्षा तो खऱ्याच्या पुष्कळ जवळ असतो.

(ही सगळी उस्तवार करताना आम्हाला आमच्या विद्यार्थिदशेतल्या संगणकांवरचे 'टर्बो' बटण आठवले. तेव्हाचे काही जुने खेळ प्रोसेसरच्या वेगावरच स्वतःचा काळ मोजत. यंत्र नवे असले की ते इतके सुसाट पळत, की खेळताच येत नसे. मग ते बटण दाबून यंत्र मुद्दाम मंद करायचे.)

कार्ड घेतले नाही. वडिलांची खरेदी वेळेवर झाली. मुलाने मात्र एका लांब डावात दर दहाव्या फेरीचा वेळ मोजून आलेख काढला आहे आणि तो घेऊन तो परवा आला होता. रेषा अपेक्षेप्रमाणे वर चढते, पण एका ठिकाणी ती चक्क खाली येते आणि तीस-चाळीस फेऱ्यांनंतर पुन्हा वर जाते. एखादी संस्कृती तिथे नामशेष झाली असावी, असा आमचा तर्क. तो म्हणतो, तसे काही झाले नव्हते; त्याच्याकडे त्या फेरीचा डाव साठवलेला आहे. येत्या रविवारी तो उघडून पाहायचा आहे.