पाच वर्षांच्या आत पीएफ काढला? मग रिटर्नमध्ये हे चार भाग वेगळे करा

नोकरी सोडून व्यवसायात उतरताना बरेच जण पीएफ काढून भांडवल उभं करतात. पैसे येतानाच १० टक्के टीडीएस कापलेला असतो, त्यामुळे "आपला कर भरून झाला" असं वाटतं. पण टीडीएस ही फक्त आगाऊ कपात आहे. खरा कर रिटर्न भरताना ठरतो. रक्कम ५०,००० च्या आत असेल तर टीडीएस कापत नाहीत, पण म्हणून ती करमुक्त होत नाही.

आधी नोकरीची वर्षं मोजा. जुन्या कंपनीचा पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर केला असेल, तर ती वर्षंही धरतात. सलग पाच वर्षं भरली की कर नाही. आजारपणामुळे किंवा कंपनीच बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल, तरीही कर नाही.

पाच वर्षं भरली नसतील, तर पासबुक उघडा आणि रकमेचे चार भाग करा:

१. कंपनीने भरलेला हिस्सा: पगाराचं उत्पन्न.
२. त्यावरचं व्याज: हेही पगारातच.
३. तुमच्या हिश्श्यावरचं व्याज: इतर स्रोतांचं उत्पन्न.
४. तुम्ही स्वतः भरलेला हिस्सा: यावर ८०सी ची वजावट घेतली नसेल, तर कर नाही. घेतली असेल, तर तेव्हा वाचलेला कर परत द्यावा लागतो.

खरी मेख चौथ्या भागात आहे. समजा, ४० महिने दरमहा १,८०० रुपये कापले गेले. तुमचे झाले ७२,०००. कंपनीचे २२,०००, त्यावर व्याज ३,०००, तुमच्या हिश्श्यावर व्याज ९,९००. एकूण १,०६,९००. ती सगळी वर्षं नव्या करप्रणालीत असाल, तर ८०सी घेतलेलीच नाही; म्हणजे कर फक्त ३४,९०० वर. जुन्या प्रणालीत वजावट घेतली असेल, तर ७२,००० चाही हिशोब द्यायचा.

तो हिशोब ज्या त्या वर्षाप्रमाणे होतो. आयटीआर-२ आणि ३ मध्ये इतर स्रोतांच्या परिशिष्टात कलम १११ चा तक्ता आहे. त्यात वर्ष, उत्पन्नातला फायदा आणि करातला फायदा भरायचा. आयटीआर-१ आणि ४ मध्ये हा तक्ता नाही. त्यामुळे दरवर्षी आयटीआर-४ भरणाऱ्या दुकानदार मंडळींनी त्या वर्षी फॉर्म नीट निवडावा.

(कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात क्रमांक बदललेत.)

रिटर्नला बसण्याआधी तीन कागद जवळ ठेवा: पीएफ पासबुक, फॉर्म २६एएस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षाचं जुनं रिटर्न. ८०सी घेतली होती की नाही, हे त्या जुन्या रिटर्नवरूनच कळतं. ते नसेल तर आपलेच पैसे आपण उत्पन्न म्हणून दाखवून बसतो. म्हणून ते आजच पोर्टलवरून डाउनलोड करून ठेवा!