पिकअपचा पांढरा पडलेला बंपर : चमक वेगळी, काम वेगळे

भाजी, फळे, फर्निचर, भंगार, कापडाचे तागे असा कोणताही माल वाहणारी पिकअप दोन-चार उन्हाळे रस्त्यावर राहिली की तिचा काळा बंपर राखेसारखा पांढरट होतो. आरशांची कव्हरे, चाकांवरच्या काळ्या पट्ट्या, वायपरखालची जाळी यांचीही तीच गत होते. इंजिन उत्तम असते, पत्र्याचा रंगही बरा असतो, पण गाडी म्हातारी दिसू लागते. मग मालक वॉशिंग सेंटरवर येतो आणि म्हणतो, "हे जरा काळे करून द्या."

आपल्याकडे यावर सर्रास एकच उपाय होतो. फडके डिझेलमध्ये किंवा जुन्या तेलात बुडवायचे आणि पुसून काढायचे. पाच मिनिटांत बंपर नव्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक खूश, कारागीरही खूश. आठवड्याने त्याच बंपरवर धुळीचा थर चिकटलेला असतो, एक पाऊस पडला की काळे-पांढरे ओघळ दिसतात, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा त्या दारात येत नाही. आमच्या परिचयाच्या एका कारागिराने आम्हाला सांगितले, "गाडी पुसली, पण गिऱ्हाईकही पुसले गेले." या धंद्याचे खरे दुखणे या एका वाक्यात आले.

प्रथम हे प्लास्टिक पांढरे का पडते ते समजून घेऊ. असे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. धक्का सोसावा म्हणून त्यात रबर मिसळतात, ताठपणासाठी शंखजिऱ्याची भुकटी घालतात आणि काळ्या रंगासाठी काजळी. भाग काढल्यावर आतल्या बाजूला 'पीपी' किंवा 'पीपी ईपीडीएम' अशी खूण दिसते. पुढे 'टीडी २०' असेल तर शंखजिरे २० टक्के आहे असे समजावे. उन्हातील अतिनील किरणे आणि हवेतील प्राणवायू वरचा पातळ थर कुजवतात. तो थर भुरभुरीत होतो, त्यात बारीक भेगा पडतात आणि उजेड विखुरल्यामुळे काळा भाग पांढरट दिसतो. म्हणजे हा नुसता मळ नाही, ती झीज आहे. मळ धुऊन जातो. झीज भरून काढावी लागते किंवा झाकावी लागते.

म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. कोरड्या बंपरवर बोट घासावे. पांढरी पूड लागली तर वरचा थर गेला आहे. मग पाणी मारावे. पाण्याचे थेंब गोळा होऊन घसरले तर जुने तेल किंवा पॉलिश अजून बसलेले आहे. पाणी सपाट पसरले तर भाग स्वच्छ आहे.

धुण्याचे काम सावलीत आणि गाडी थंड असताना करावे. आधी भरपूर पाण्याने चिखल सोडवावा, नाहीतर वाळूचे कण ओरखडे काढतात. नंतर गाडीच्या शॅम्पूने आणि मऊ ब्रशने धुवावे. तेलकटपणा राहिला तर सर्व कामांसाठी मिळणारे क्लीनर डब्यावरील सूचनेप्रमाणे पाण्यात पातळ करून मारावे, ब्रशने घासावे आणि वाळण्याआधी धुऊन टाकावे. पांढऱ्या फडक्यावर काळे-तपकिरी येणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. खरखरीत प्लास्टिकमध्ये वॅक्सचे पांढरे डाग बसले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. ॲसिड, थिनर आणि तारेचा ब्रश या तीन गोष्टी दूर ठेवाव्यात. थिनर शेजारचा रंग उतरवतो, तारेचा ब्रश कायमचे ओरखडे देतो आणि ॲसिड गाडीआधी कारागिराची कातडी आणि फुप्फुसे खाते.

भाग पूर्ण वाळल्यावर पुढचे मार्ग चार.

पहिला, ड्रेसिंग. हे स्वस्त आणि झटपट होते, पण काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे. पाण्यातले ड्रेसिंग तेलकट ड्रेसिंगपेक्षा कमी धूळ धरते. सिलिकॉनचे असेल तर ते हवेत फवारू नये, फडक्यावर घेऊन लावावे. शेजारी पेंटिंगचे काम चालत असेल तर उडालेल्या सिलिकॉनमुळे ताज्या रंगात खड्डे पडतात आणि भांडण लागते.

दुसरा, वाळून घट्ट बसणारे ट्रिम रिस्टोरर किंवा कोटिंग. यास खर्च जास्त, पण ते पावसात धुऊन जात नाही आणि बरेच महिने टिकते. खाली तेलाचा अंश राहिला तर मात्र ते सोलपटते. म्हणून निम्मे यश धुण्यात असते.

तिसरा, हीट गन. गरम हवेने वरचा थर किंचित वितळून काळेपणा परत येतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि बंदुकीची हवा त्याहून कितीतरी गरम असते. हात एका जागी थांबला की भाग वाकडा होतो किंवा त्याची खरखर जाऊन चकाकता डाग पडतो. हा उपाय एक-दोनदाच चालतो आणि ऊन पुन्हा आपले काम करते. काच, वायर आणि रंगाजवळ तो करू नये.

चौथा, रंग. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाही. प्लास्टिकचा प्रायमर आधी मारला नाही तर पापुद्रे निघतात.

काही कारागीर उकळलेले जवसाचे तेल वापरतात. ते वाळून थर धरते हे खरे, पण त्याची फडकी धोक्याची असतात. वाळताना ते तेल उष्णता सोडते. फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत साठते आणि काडी न लावता आग लागू शकते. अशी फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या लोखंडी डब्यात झाकून ठेवावीत. बाजूला डिझेलचे कॅन असलेल्या दुकानात ही हयगय संसार उद्ध्वस्त करू शकते.

आता प्रश्न दराचा आणि शब्दाचा. आमचे सांगणे एवढेच आहे की गिऱ्हाइकाला दोन्ही भाव आधीच सांगावेत. चमकवण्याचा एक, टिकाऊ कामाचा दुसरा. कोणते काम केले ते बिलावर लिहावे. बंपरच्या एका कोपऱ्यावर करून दाखवावे, मग पैसे ठरवावेत. तडा गेलेला भाग तेलाने चमकत नाही, तो बदलावा लागतो, हेही स्पष्ट सांगावे. जुनी गाडी विकण्याआधी तेल फासून ती नवी भासवायला कोणी सांगितले तर ते काम नाकारावे. घेणारा आठवड्याने फसतो आणि नाव कारागिराचे निघते.

हे काम शिकायला मोठे भांडवल लागत नाही. ब्रश, फडकी, क्लीनर, एक बाटली कोटिंग आणि धीर पुरे. गॅरेजमध्ये हाताखाली असलेल्या मुलाला उस्तादांनी हे शिकवले तर त्याच्या हाती स्वतंत्र कसब येईल. चमक कोणीही विकतो. पावसाळ्यानंतरही टिकणारे काम जो देतो, त्याच्या दाराशी गाडी आपणहून परत येते.