भंगारात कॉन्टेसा सापडली? टोकन देण्याआधी मोबाइल बाहेर काढा

जुनी गाडी भंगारातून उचलून नवी कोरी करणाऱ्यांचे रील्स सध्या जोरात आहेत. अंबड लिंक रोडच्या बाजूला भंगारची गोडाऊन पाहत फिरणारी पोरं मला हल्ली बरीच दिसतात. कुणाला यामाहा आरडी ३५० हवी असते, कुणाला येझदी. आणि चार चाकांचा विषय निघाला की नाव एकच येतं, हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. भारताची मसल कार!

आता खरं सांगायचं तर हे ‘मसल’ प्रकरण दिसण्यापुरतंच. अमेरिकेत मसल कार म्हणजे १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ. तिचं व्ही-८ इंजिन ६.४ लिटरचं आणि ताकद ३२५ हॉर्सपॉवर. आपली कॉन्टेसा १९८४ मध्ये आली. लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह, एवढं सगळं जमलं होतं. पण बॉनेटखाली होतं अॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ५० हॉर्सपॉवर. मूळ डिझाइन ब्रिटनच्या वॉक्सहॉल व्हिक्टरचं. पुढे इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर मिळाले, ती कॉन्टेसा क्लासिक. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं. लोकांचा जीव अडकतो तो बहुतेक या इसुझूवाल्या गाडीत, आणि ते बरोबरच आहे.

माझ्या मामेभावाला अशीच एक सापडली. गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात होती, चारही टायर जमिनीला टेकलेले. दहा हजार टोकन द्यायला तो निघाला होता. सॉफ्टवेअरवाला म्हणून त्याने मला फक्त ‘अॅपवर नंबर टाकून बघ ना दादा’ एवढंच सांगितलं. मी शनिवारी त्याच्यासोबत गेलो.

‘शेठ, पेपर आहेत का?’

‘पेपर होऊन जातील भाऊ. गाडी बघा ना, पत्रा कसा आहे!’

हे ‘होऊन जातील’ नीट समजून घेऊ, कारण सगळा पैसा तिथेच बुडतो.

गाडीचा आयएमईआय

तुम्ही सेकंडहँड फोन घेताना *#०६# डायल करून आयएमईआय बघता. फोन कितीही चकाचक असो, आयएमईआय ब्लॉक असेल तर तो सिम टाकून चालणार नाही. गाडीचा चेसिस नंबर म्हणजे तेच. पत्र्यावर कोरलेला तो नंबर, इंजिनवरचा इंजिन नंबर आणि सरकारच्या ‘वाहन’ डेटाबेसमधली नोंद, ही तिन्ही एकमेकांशी जुळली तरच ती गाडी कायद्याने गाडी आहे. नाहीतर ते किलोवर विकायचं लोखंड. आमच्या भाषेत सांगायचं तर चेसिस नंबर ही प्रायमरी की. रो डिलीट झाली तर नुसत्या हार्डवेअरचं काय करणार?

अमेरिकेतही खेळ हाच आहे. १९७१ च्या प्लिमथ कुडामध्ये नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. तिथे ‘आर’ असेल तर कारखान्यातूनच ४२६ हेमी इंजिन बसवलेलं. अशी एक कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. हेमी इंजिन नंतर कुणीही बसवू शकतं, पण नंबरातलं ते अक्षर मागाहून आणता येत नाही.

तर आधी नंबर वाचायचा. तो नेमका कुठे कोरलाय हे तिथल्या मेकॅनिकला विचारा. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने हलकंसं पुसा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका, अंक गेला तर गाडी गेली. फोनचा टॉर्च समोरून न मारता पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. कोरलेल्या अंकांची सावली पडते आणि गंजाखालचे अंकही उठून दिसतात. टॉर्चची जागा बदलत चार-पाच फोटो काढा. एखादा अंक कमी खोल, रांगेबाहेर, किंवा आजूबाजूला वेल्डिंगचा टवका दिसला तर तिथूनच परत फिरा.

शेवटचे पाच अंक

एमपरिवाहन अॅपमध्ये नंबर प्लेटचा नंबर टाकला की गाडीचं मॉडेल, इंधन, आरसीची मुदत, विमा, बँकेचा बोजा असं बरंच दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं. बहुतेक जण इथेच थांबतात. पण प्लेट कुणीही कुठलीही ठोकू शकतं. अॅपने दाखवलेली नोंद समोरच्याच गाडीची आहे हे त्याने सिद्ध होत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. परिवहनच्या वेबसाइटवर ‘वाहन’च्या ऑनलाइन सेवेत जा. तिथे गाडी नंबरासोबत चेसिसचे शेवटचे पाच अंक मागतात. भंगारवाल्याने कागदावर लिहून दिलेले टाकू नका, तुम्ही स्वतः पत्र्यावर वाचलेले टाका. पोर्टलने पुढे जाऊ दिलं तर लोखंड आणि नोंद जुळली. मालकी बदलाचा अर्ज भरायचा नाही, फक्त हे दार उघडतं का तेवढं बघायचं. मग एनसीआरबीच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर ‘व्हेईकल एनओसी’ काढून गाडी चोरीची नाही ना, तेही बघून घ्या.

आमच्या गाडीचे पाचही अंक जुळले. मामेभाऊ उड्या मारायला लागला. पण नोंदीत इंधन पेट्रोल होतं आणि समोर होतं डिझेल इंजिन. हे कॉन्टेसात फार होतं. इसुझूची इंजिनं अॅम्बेसेडरमध्येही येत होती, त्यामुळे टॅक्सीतलं डिझेल इंजिन उचलून पेट्रोल कॉन्टेसात टाकणं गॅरेजवाल्यांना सोपं पडायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल आरसीवर चढवावा लागतो. तो चढवला नसेल तर तपासणीत गाडी अडकणार.

१९८९ च्या आधीच्या गाड्यांना ‘एमएच १५’ नसतं, ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं असतात. यातल्या अनेकांची नोंद अजून कागदी रजिस्टरमध्येच असते. ऑनलाइन काही सापडलं नाही म्हणून लगेच नाद सोडू नका. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्रीबद्दल विचारा. जुनं आरसी बुक हातात असेल तर काम होऊ शकतं.

सही कुणाची?

भंगारवाला मालक नसतो. मालक आरसीवरचा माणूस. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही लागते. तो हयात नसेल तर फॉर्म ३१, म्हणजे आधी वारसाच्या नावावर आणि मग तुमच्या. पोलिसांच्या किंवा सरकारी लिलावातून गाडी घेतली असेल तर फॉर्म ३२ आणि लिलावाचे कागद. माझ्या मते भंगारातल्या गाडीसाठी सगळ्यात स्वच्छ रस्ता हाच.

आमच्या कॉन्टेसाचे मालक वारलेले निघाले. तीन मुलं आणि त्यातलं एक परदेशात. तिघांची संमती येत नाही तोवर टोकन द्यायचं नाही, असं मामेभावाला मी बजावलंय. तो माझ्यावर चिडलेलाच आहे.

आणखी एक गोष्ट. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी गेली की चेसिस नंबरचा तुकडा कापून काढतात आणि गाडीची नोंदणी रद्द होते. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. ‘दुसऱ्या आरसीवर चढवून देतो’ असं कुणी म्हणालं तर तो तुम्हाला सरळ गुन्ह्यात ओढतोय.

‘व्हिंटेज’ म्हणून सुटका?

नाही. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी. तिला नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नोंदणी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आणि ती रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती इतकंच. पहिली कॉन्टेसाच १९८४ ची, म्हणजे २०३४ उजाडेपर्यंत विषयच नाही. तोवर साधा नियम: आरसी पंधरा वर्षं, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. कारची ही फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या कारला २०२५ मध्ये दहा हजार. मुदत संपल्यावर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये वेगळे. चार वर्षं लेट म्हणजे ४८ महिने, २४ हजार. पर्यावरण कर त्यावर. हा सगळा आकडा आरटीओतून काढा आणि मगच भाव करा.

पत्र्याचं थोडक्यात. कॉन्टेसा मोनोकॉक आहे, जीपसारखी खाली वेगळी चेसिस नाही. त्यामुळे फ्लोअर सडला तर नुसतं डेंटिंग-पेंटिंग पुरत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. मॅट उचलून दाबून बघा. लांबी किती भरलीय ते बघायला फ्रिजवरचं छोटं मॅग्नेट न्या, चिकटलं नाही तिथे खाली पत्रा कमी आणि लांबी जास्त. फोनमधलं मेटल डिटेक्टर अॅप इथे उपयोगाचं नाही. त्याचा सेन्सर आजूबाजूचं सगळंच लोखंड पकडतो.

कागद जमतच नसतील आणि गाडी सोडवत नसेल तर ती ‘डोनर’ म्हणून घ्या: दारं, काचा, लाइट, गिअरबॉक्स. भाव मात्र भंगाराचा द्या, कॉन्टेसाचा नाही. पावतीवर ‘सुटे भाग’ असं लिहून घ्या, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो पावतीसोबत ठेवा.