मेंदूचा नवा डाव – भाग ५ : आभासी चेंडू आणि पत्त्यांचा कॅट

पक्षाघातानंतरच्या पहिल्या साडेचार तासांना केवढं मोल असतं, ते मागच्या भागात आलं. ते तास हातातून गेलेल्या रुग्णाचं पुढे काय होतं, हा या भागाचा विषय. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण याच गटातले.

धार जिल्ह्यातली गंधवानी तहसील म्हणजे भिल्ल-भिलालांचा मुलूख. इंदूरचं एमवाय रुग्णालय इथून शंभराहून अधिक किलोमीटरवर. या भागात लकवा झाला की बडव्याला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, बोलावणं, तेलाची मालिश हे ओघानं येतंच. नीमच जिल्ह्यातल्या भादवामातेच्या बावडीत आंघोळ केली की लकवा उतरतो, अशी माळव्याची जुनी श्रद्धा आहे. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मंदिराच्या आवारात मुक्कामच ठोकतात. मोठ्या शहरांतल्या पुनर्वसन केंद्रांत आता वेगळाच देखावा दिसू लागला आहे. रुग्णाच्या डोळ्यांवर हेडसेट चढवलेला असतो आणि तो समोर नसलेला चेंडू पकडायला हात पुढे करत असतो. हे झालं आभासी वास्तव, म्हणजेच व्हीआर. त्याची किंमत बघितली की पहिला प्रश्न सुचतो: साध्या फिजिओथेरपीपेक्षा यानं जास्त गुण येतो का?

उत्तराआधी व्यायाम मुळात कशासाठी, ते बघायला हवं. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. शाबूत राहिलेला भाग हळूहळू त्याचं काम उचलतो, पण त्यासाठी तीच हालचाल असंख्य वेळा करावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही संख्या दिवसाला ४०० ते ६०० असे. माणसांच्या वाट्याला किती येते? अमेरिका-कॅनडातल्या सात केंद्रांमधली ३१२ सत्रं संशोधकांनी शेजारी बसून मोजली. २००९ साली निष्कर्ष छापून आले. हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. सुसज्ज केंद्रांची ही गत!

व्हीआरवाल्यांचा दावा नेमका इथूनच सुरू होतो. कंटाळवाणा व्यायाम खेळ झाला, गुण मिळू लागले, की रुग्ण आपण होऊन शंभरदा हात उचलेल. दाव्यात तथ्य आहे. पण २०१६च्या ‘एव्हरेस्ट’ चाचणीनं त्याला चांगलाच चाप लावला. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड इथले १४१ रुग्ण तीत होते. नेहमीचे उपचार सगळ्यांना मिळत होते. त्यावर निम्म्यांना निन्टेंडो वी हा व्हिडिओ गेम दिला आणि उरलेल्यांना पत्ते, जेंगा, चेंडू असले खेळ. दोन आठवड्यांत तासाभराची दहा सत्रं झाली. हात दोन्ही गटांचे सुधारले आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पत्त्यांचा कॅट कितीला मिळतो, हे वाचकांना सांगायला नको.

एका चाचणीवरून निकाल लावू नये, हे खरंच. कॉक्रेन संस्थेनं २०१७ साली ७२ चाचण्या एकत्र तपासल्या. हाताच्या कामात व्हीआर नेहमीच्या उपचारांहून सरस ठरलं नाही. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून वापरून एकूण सराव वाढवला, तर लाभ दिसला. २०२५च्या नव्या आढाव्यात चाचण्या १९० झाल्या आणि पारडं किंचित झुकलं: हाताच्या हालचालीत थोडासा फायदा, दुष्परिणाम क्वचित आणि सौम्य. त्या ‘थोडासा’वर दुकान थाटणाऱ्यांपासून जपून राहिलेलं बरं.

खेळाला एक गोष्ट दिसत नाही, ती फिजिओथेरपिस्टला दिसते. अशक्त हात पुढे जाईना की रुग्ण नकळत कंबरेतून वाकतो, खांदा कानाकडे उचलतो आणि चेंडू पकडतो. साधा कॅमेरा त्याला गुण देऊन मोकळा होतो. अनुभवी फिजिओथेरपिस्ट मात्र छातीवर हात ठेवून वाकणं रोखते आणि कोपर सरळ करायला लावते. कॅमेऱ्याकडून गुणांची दाद मिळत गेली तर चुकीचीच हालचाल मुरते. शिवाय सूचना इंग्रजीत येत असतील, तर भिली बोलणाऱ्या आजीला तो चेंडू काय कामाचा?

मग घरच्यांनीच व्यायाम करून घेतला तर? भारतातल्या १४ रुग्णालयांत ‘अटेंड’ चाचणीनं हेच करून पाहिलं. १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना रुग्णालयातच शिकवून घरी पाठवलं. २०१७चा निकाल निराश करणारा होता: सहा महिन्यांनी दोन्ही गटांतले ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. म्हणजे नुसतं शिकवून घरी पाठवणंही पुरेसं ठरलं नाही.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतले मृत्यू नोंदवले तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, १४.३ टक्के. त्यातले ८७ टक्के मृत्यू घरीच झालेले होते. मुलूख वेगळा असला तरी दवाखान्याचं अंतर गंधवानीसारखंच. अशा ठिकाणी निधी आलाच तर पहिला रुपया हेडसेटवर घालू नये. तालुक्याच्या दवाखान्यात एक कायम फिजिओथेरपिस्ट हवी, आणि तिनं शिकवलेली, पाड्यावर आठवड्याला फेरी मारणारी, भिली बोलणारी कार्यकर्ती हवी. मक्याचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकताना रुग्ण कंबरेतून वाकतो का, हे तिनं बघायचं आणि दाणे मोजायचे. इंदूर-पुण्याच्या केंद्रांत, जिथे फिजिओथेरपिस्ट आधीपासून आहेत आणि रुग्ण कंटाळलेत, तिथे हेडसेट खुशाल आणावा.

पुढच्या भागात : लकव्यानं वाचा गेलेल्या माणसाला पुन्हा बोलतं करण्याचे उपाय.