उजनीचा काठ एका जागी थांबत नाही

भिगवण सोडून इंदापूरकडे निघालं की डाव्या हाताला उजनीचं पाणी साथ करू लागतं. पळसदेवजवळ तर गाडी थांबवावीशी वाटतेच. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून गाडीतच स्वयंपाक, गाडीतच झोप आणि पाण्याकाठी मुक्काम अशा सहलीचे बेत मराठी घरांत होऊ लागले आहेत. बेत चांगलाच आहे. मात्र जागा निवडताना काही चुकीच्या समजुती आड येतात, आणि उजनीसारख्या जलाशयावर त्या महागात पडतात.

गैरसमज : फोटोत पाणी जवळ दिसतं, म्हणजे जागा पाण्याकाठची.

तलावाचा काठ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कायमची एक कड येते. उजनी हे सिंचनाचं धरण आहे, त्याला तशी कड नाही. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की टक्केवारी शून्याखाली जाते. इथले लोक त्याला ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणतात. 2024 च्या उन्हाळ्याअखेर ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलं. जमीन सपाट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाणी फार लांब जातं. दिवाळीत दारासमोर लाटा असलेली जागा मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाच्या मैदानात उभी असते.

याची मोजपट्टी पळसदेवातच आहे. जुनं गाव धरणात गेलं, लोक वर येऊन वसले, पळसनाथाचं प्राचीन मंदिर मात्र पाण्यातच राहिलं. धरण भरलेलं असताना शिखराचा माथा दिसला तर दिसला. कडक उन्हाळ्यात सगळं मंदिर उघडं पडतं आणि लोक चालत दर्शनाला जातात. म्हणून जागेच्या मालकाला एकच विचारा : मंदिर उघडं पडतं तेव्हा इथून पाणी किती लांब असतं, आणि धरण भरतं तेव्हा कुठवर येतं? या दोन रेषा कळल्याशिवाय पैसे भरू नका.

गैरसमज : इथे पाऊस नाही, म्हणजे रात्रीत पाणी वाढणार नाही.

इंदापूर तालुका अवर्षणप्रवण आहे. उजनी भरते ती घाटमाथ्यावरच्या पावसाने. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा या नद्यांचं आणि वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी दौंडमार्गे इथे येतं. पळसदेवला ऊन पडलेलं असतानाही फुगवटा चढत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळाकडे नव्हे, दौंडच्या विसर्गाच्या आकड्याकडे पाहा.

गैरसमज : पाणी हटलेली जमीन मोकळी, कुठेही गाडी लावावी.

ती मोकळी नसते. पाणी उतरलं की तिथे गाळपेर होते, कुणाचा तरी चारा, कुणाचं तरी कलिंगड उभं राहतं. पाण्यामागोमाग शेतकरी मोटारी आणि विजेच्या केबली पुढे सरकवत नेतात. अंधारात त्या केबलींवरून तीन-चार टनांची गाडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ, शिवाय केबल तुटली की शेतकऱ्याचं पीक सुकतं ते वेगळंच. गाळही फसवा असतो : वर कडक पापडी आणि आत लोणी. पहाटे वळीव झाला की ट्रॅक्टर बोलावण्यावाचून गत्यंतर नाही. मुक्काम धरणासाठी संपादित केलेल्या जमिनीच्या हद्दीच्या वर, मुरमाड जमिनीवर, मालकाच्या परवानगीनेच करावा.

गैरसमज : पाणी जास्त तितके पक्षी जास्त.

उलट आहे. रोहित पक्षी उथळ पाण्यात उभा राहून चिखलातून अन्न गाळून खातो. धरण तुडुंब असलं की त्याला पाय टेकायला जागा नसते. पातळी उतरू लागली की, साधारण जानेवारी ते मार्च, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला थवे दिसतात. लाटा हव्यात की रोहित, ते आधी ठरवा.

गैरसमज : संथ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी.

21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्याने याच जलाशयात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. कळाशी इंदापूर तालुक्यातलंच गाव. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वारा फिरला की छत्र्या-तंबू आवरा, आणि लाइफ जॅकेटशिवाय बोटीत पाय ठेवू नका, मालक कितीही ओळखीचा असो.

आणखी एक समज म्हणजे उकळलं की कुठलंही पाणी चालतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. पाण्यावर हिरवा थर धरतो तो त्याच्यामुळे. उकळल्याने जंतू मरतात, पण रसायनं आणि शेवाळाची विषं जात नाहीत. पिण्याचं पाणी घरून किंवा गावातून भरून घ्या, आणि हिरव्या पाण्यात मुलांना उतरवू नका.

शेवटची विनंती गाडीतल्या संडासाच्या टाकीविषयी. ती रिकामी करायला सेप्टिक टँक असलेलीच जागा निवडा. रात्री काठावर नळी सोडू नका. सोलापूर शहराला पिण्याचं पाणी याच धरणातून जातं.