भरा की मरा?

चंद्रपूरच्या खाणकामगारांसाठी आम्ही एकदा पत्रक काढले. शेवटची ओळ होती, ‘अर्ज भरा’. एका म्हाताऱ्या कामगाराने वाचले, ‘अर्ज मरा’. सारे हसले, आम्ही ओशाळलो. ‘म’ची शिरोरेघ अखंड असते, ‘भ’ची डावीकडे तुटते. अक्षर बारीक, शाई जाड. मधली फट बुजली, एवढेच.

ती फट किती ठेवावी, हेही शिकावे लागते. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघाले. तेथे र. कृ. जोशी यांनी अक्षररचना शिकवली. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. हे शिक्षण नुसत्या व्याख्यानांनी होत नाही. विद्यार्थ्यापुढे काम ठेवतात: अमुक वाचकासाठी पाटी कर, पुस्तक कर. तो अक्षर काढतो, लहान करून छापतो, भिंतीला लावतो. इतर वाचतात, अडखळतात. तो पुन्हा काढतो. सुतारकामही आपण असेच शिकतो ना?

आमचे मागणे एवढेच, की त्या भिंतीपुढे गडचिरोलीचा, नुकताच अक्षरे जुळवू लागलेला माणूसही एकदा उभा करावा. अर्ज त्याला भरायचा आहे.