सिरोंच्याची हाडे, कोलकात्याचा सांगाडा

चंद्रपूर-गडचिरोलीत येणारा पर्यटक बहुधा ताडोबातील वाघ पाहून परततो. सिरोंचा तालुक्यातील वडधमपर्यंत फारच थोडे जण पोहोचतात. येथील जीवाश्म उद्यानात वृक्षांचे ओंडके पडलेले दिसतात. हात लावावा तर तो निव्वळ दगड! गाळात गाडल्या गेलेल्या खोडांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि लाकडाची जागा कणाकणाने खनिजाने घेतली. म्हणूनच काही तुकड्यांवर लाकडाचे तंतू आजही ओळखता येतात.

प्राणहितेच्या काठावरील याच तालुक्यातील कोटा या गावाचे नाव भूशास्त्रज्ञांनी एका खडकसमूहाला दिले आहे. ज्युरासिक काळातील या थरांत माशांपासून डायनासोरपर्यंतचे अवशेष मिळाले. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात एका महाकाय शाकाहारी डायनासोरची शेकडो हाडे उकरून काढली. सुमारे १४ मीटर लांबीच्या या प्राण्याचे नामकरण १९७५ मध्ये 'बारापासॉरस टागोरी' असे झाले. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. उत्खननाच्या काळातच, १९६१ मध्ये, रवींद्रनाथांची जन्मशताब्दी आली होती. नावाचा दुसरा भाग त्यांच्या स्मरणार्थ. सांगाडा मात्र पाहायचा तर कोलकाता गाठावे लागते. त्याच खडकसमूहातील 'कोटासॉरस' हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. जेथील माती, तेथील मुलांना निदान त्याची प्रतिकृती तरी पाहायला मिळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील पिसदुरा तर त्याहून नवलाचे. शेतातल्या मातीत येथे डायनासोरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडते. विष्ठा म्हणून नाक मुरडू नये! तिच्यात अडकलेल्या सूक्ष्म सिलिकाकणांवरून २००५ मध्ये सिद्ध झाले, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच गवत उगवत होते. तोवर गवत हे डायनासोर नष्ट झाल्यानंतरचे, असाच समज रूढ होता. त्या कणांत भात व बांबूच्या दूरच्या नातलगांच्या खुणाही आहेत, हे धानाच्या या मुलखात विशेष वाटते.

असा एखादा गोटा 'आठवण' म्हणून खिशात घातला, की तो कोणत्या थरातून आला हे कायमचे पुसले जाते. त्या माहितीवाचून अभ्यासकाच्या लेखी त्याची किंमत बरीच उतरते. सापडलेली वस्तू जागेवरच ठेवून छायाचित्र घ्यावे व वनखात्याला किंवा भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवावे.

सिरोंचा भागातील उन्हाळा कडक असल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. वडधमला सकाळी लवकर पोहोचावे. तिरप्या उन्हात खोडांवरील रेषा अधिक ठळक दिसतात.